परग्रहाचे वाचन : ‘सोलारिस’च्या निमित्ताने

स्तानिस्वाव लेम यांची ‘सोलारिस’ (१९६१) ही पोलिश कादंबरी सामान्यतः परग्रहावरील जीवसृष्टीची कथा म्हणून वाचली जाते. वस्तुतः अन्वयार्थाची मर्यादा हे तिचे आशयसूत्र आहे. सोलारिसवरील महासागराविषयी संशोधकांनी ग्रंथालय भरेल इतके लिहिले. महासागर मात्र केल्विनसमोर त्याचीच मृत सहचरी उभी करतो. ‘पर’चा शोध घेणाऱ्याला ‘स्व’ भेटतो.

हा पेच केवळ कल्पिताचा नाही. १९९५ मध्ये मिशेल मायोर व दिदिए केलो यांनी ‘५१ पेगासी बी’ हा ग्रह शोधला तो प्रत्यक्ष न पाहता. ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा सुमारे ४.२ दिवसांच्या आवर्तनाने सरकत होत्या. त्यावरून ग्रहाचे अनुमान झाले. दूरस्थ ग्रह संहितेप्रमाणे चिन्हांतूनच हाती येतो.

चिन्ह मात्र एकार्थी नसते. २०२५ मध्ये ‘के२-१८बी’च्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा आढळल्याचा दावा झाला. पृथ्वीवर हे संयुग प्रामुख्याने सागरी प्लवकांमुळे निर्माण होते. त्यामुळे तेथेही सजीव महासागर कल्पिला गेला. अन्य संशोधकांनी मूळ संकेताविषयीच शंका घेतली. शिवाय हेच संयुग ‘६७पी’ या धूमकेतूवरही आढळले आहे.

परग्रह वाचताना पृथ्वीचा शब्दकोश वापरणे अटळ आहे. तो पृथ्वीचा आहे, हे भान लेम यांची कादंबरी अखेरपर्यंत राखते. विज्ञानसाहित्याच्या समीक्षेने परग्रहवासीयांची संभाव्यता मोजत बसण्यापेक्षा कलाकृतीत हे भान कितपत टिकते, हे तपासावयास हवे.