सुईणीच्या रोजनिशीतले घर

मार्था बॅलर्ड १८१२ साली ऑगस्टा येथे वारली. मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याचाच भाग होता. स्थानिक वृत्तपत्राने तिच्या मृत्यूची नोंद एका वाक्यात उरकली: एफ्रेम बॅलर्ड यांची पत्नी, वय ७७. केनेबेक नदीकाठच्या या सुईणीने २७ वर्षांत आठशेहून अधिक बाळंतपणे केली होती. त्याचा त्यात उल्लेख नव्हता.

१७८५ पासून तिने रोजनिशी लिहिली. हवामान, पाहुणे, शेंगा पेरल्या, सूत रंगवले, अमकीच्या घरी रात्र काढली, इतकेच त्यात असे. एकोणिसाव्या शतकात ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्याला ती फारशी रंजक वाटली नाही. पुढे सुईणपणाचा स्त्रीवादी इतिहास लिहिणाऱ्यांनाही तीत घरकामाचा पाल्हाळच दिसला. लॉरेल थॅचर अल्रिक यांनी मात्र याच नोंदींवर ‘अ मिडवाइफ्स टेल’ (१९९०) हा ग्रंथ उभा केला. त्याला १९९१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मूळ नोंदी द्यायच्या आणि मग कोर्टाची दप्तरे, जमाखर्च यांच्या उजेडात त्या वाचायच्या, ही अल्रिक यांची रीत. वाचकाला आधी त्या कोरड्या ओळींतून चालावे लागते, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

या ग्रंथाची चर्चा बहुधा मार्थाच्या व्यवसायाभोवती फिरते. मला त्यातले घर अधिक महत्त्वाचे वाटते. मार्थाला नऊ मुले झाली. १७६९ च्या उन्हाळ्यात घटसर्पाच्या साथीत तीन मुली तीन आठवड्यांच्या आत गेल्या. त्याच उन्हाळ्यात हॅना जन्मली. ही हॅना आणि तिच्या पाठची डॉली मोठ्या झाल्या, घरात माग आला, मुली विणू लागल्या, आणि आई मध्यरात्री नदी ओलांडून बाळंतिणीकडे जायला मोकळी झाली. म्हणजे आईचा व्यवसाय मुलींच्या मागावर उभा होता. १७९२ ते १७९५ या काळात दोघींची लग्ने झाली. मग बाहेरचे काम आटोपून परतलेल्या मार्थापुढे घरचेही सगळे काम वाढून ठेवलेले असे.

कुटुंब आणि कर्तव्य यांची गाठ कुठे पडते, ते १७९१ मध्ये दिसते. अविवाहित स्त्रीला ऐन वेणांत बापाचे नाव विचारायचे आणि गरज पडल्यास कोर्टात साक्ष द्यायची, हे सुईणीचे काम होते. सॅली पिअर्सने नाव घेतले ते मार्थाच्याच मुलाचे, जोनाथनचे. मार्थाने ते जसेच्या तसे लिहिले. चार महिन्यांनी त्या दोघांचे लग्न झाले.

पुढे करवसुलीची बाकी राहिल्यामुळे एफ्रेम १८०४ मध्ये कर्जदारांच्या तुरुंगात गेला आणि जोनाथन-सॅली मार्थाच्या घरात राहायला आली. सत्तरीला टेकलेली मार्था स्वतःच्याच घरात एका खोलीपुरती उरली. सरपण कोणी आणले, कोणी आणले नाही, हे ती टिपते. आपल्याकडच्या वाचकाला इथे सासू-सुनेचा ओळखीचा साचा लावण्याचा मोह होईल. तो आवरावा. सॅलीच्या पदरीही लहान मुले होती, आणि हाताशी विणणाऱ्या मुली नव्हत्या.

माझी एकच तक्रार आहे. मुलींची बाजू आपल्याला फक्त आईच्या शाईतून दिसते. मागावर बसलेल्या हॅनाला काय वाटत होते? अल्रिक मुलींच्या श्रमाचा हिशेब चोख मांडतात, पण या प्रश्नापाशी हव्या तितक्या थांबत नाहीत.

तरी मुलींनी आपली बाजू एका प्रकारे नोंदवलीच. रोजनिशी डॉलीकडे राहिली, तिच्या मुलींनी ती जपली आणि १८८४ मध्ये मार्थाची खापरपणती डॉ. मेरी हॉबर्ट हिच्या हाती दिली. मेरी त्याच वर्षी डॉक्टर झाली होती. आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या. १९३० मध्ये मेरीने ती रोजनिशी मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. इतिहासकारांनी जी वही क्षुल्लक ठरवली ती घरातल्या बायकांनी शंभरावर वर्षे सांभाळली. अल्रिक यांच्या ग्रंथाचे श्रेय देताना पहिला वाटा त्यांचा आहे.