फंक्शनल संगणकभाषेचे अध्ययन आणि साहाय्यक समूह : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकभाषेचे अध्ययन हे व्याकरणाचे नियम पाठ करून पूर्ण होत नाही. अडले असता विचारावे कोणाला, हा प्रश्न शिकणाऱ्यासमोर पहिल्या दिवसापासून उभा असतो. 'हास्केल'सारख्या फंक्शनल भाषेच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो. भाषा मोफत मिळते, तिचा कंपायलर मोफत मिळतो, पाठही मोफत मिळतात. मात्र मदत करणाऱ्यांचा जो समूह तिच्याभोवती जगभर उभा राहिला आहे, त्याचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीतून चालतो. हिंगोली–वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका येथून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार केला, तर या वस्तुस्थितीचा अर्थ स्पष्ट होतो. हे गाव मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर आहे. हिंगोलीत शिकल्यास नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि वाशीमला शिकल्यास संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, अशी दोन विद्यापीठे या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत. परंतु फंक्शनल भाषेतील एखादी अडचण मराठीतून विचारावी असे ठिकाण त्याला सहजासहजी सापडत नाही. मराठीत आजवर पाठ देण्याची सोय झाली, प्रश्न विचारण्याची परंपरा मात्र उभी राहिली नाही, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. उपलब्ध प्रयत्नांची चिकित्सा त्या अंगाने येथे केली आहे.

फंक्शनल भाषेची वैचारिक पार्श्वभूमी :

अलॉन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेले लॅम्डा कॅल्क्युलस हे या भाषांचे मूळ होय. जॉन मॅकार्थी यांची 'लिस्प' १९५८ पासून आकाराला आली. जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रचलित भाषांवर टीका करून फंक्शनल पद्धतीचा पुरस्कार केला. स्वतः 'फोरट्रान'च्या जनकानेच ही टीका केली, म्हणून तिला विशेष वजन आले. १९८७ मध्ये संशोधकांच्या एका समितीने समान भाषेचे काम हाती घेतले आणि १९९० मध्ये 'हास्केल'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. म्हणजे या भाषेचा जन्मच सामूहिक विचारविनिमयातून झाला आहे.

ही भाषा केवळ तज्ज्ञांसाठी आहे हा समजही तपासून घ्यावा लागतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात निकालपत्रक तयार करणारा कर्मचारी एक्सेलच्या चौकटीत सूत्र लिहितो, तेव्हा तो फंक्शनल पद्धतीनेच काम करीत असतो. अमुक चौकटीचे मूल्य अमुक चौकटींवरून ठरते, एवढेच तो सांगतो. कोणत्या क्रमाने काय करावे हे सांगत नाही. 'हास्केल'च्या रचनाकारांपैकी एक असलेले सायमन पेटन जोन्स यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्येच एक्सेलमध्ये वापरकर्त्याला स्वतःची फंक्शन रचता यावीत असा विचार मांडला होता. २०२० मध्ये 'लॅम्डा' या नावाने ती सोय एक्सेलमध्ये आली.

शालेय बीजगणिताशी असलेले नाते :

मराठी माध्यमाचा विद्यार्थी या विषयात मागे पडतो, असे सर्रास गृहीत धरले जाते. हे गृहीतक अर्धवट आहे. दहावीपर्यंत त्याने संच, चल, समीकरण, अंकगणित श्रेढी या संकल्पना मराठीतून आत्मसात केलेल्या असतात. बीजगणितात 'क्ष'ची किंमत एकदा ५ ठरली की त्या उदाहरणात ती ५ च राहते. 'सी' भाषेच्या वर्गात मात्र त्याला 'क्ष = क्ष + १' असे लिहायला शिकवले जाते. बीजगणिताच्या दृष्टीने हे समीकरण असंभव आहे, आणि नेमक्या याच जागी अनेक विद्यार्थी गोंधळतात. फंक्शनल भाषेतील चल हा बीजगणितातील चलाप्रमाणेच वागतो.

एखाद्या यादीतील संख्यांची बेरीज घेऊ. फंक्शनल भाषेत तिची व्याख्या दोन वाक्यांत होते : रिकाम्या यादीची बेरीज ० आणि अन्य यादीची बेरीज म्हणजे पहिली संख्या अधिक उरलेल्या यादीची बेरीज. ४, ७, १० ही श्रेढी घेतल्यास ४ + (७ + (१० + ०)) असा विस्तार होऊन उत्तर २१ येते. येथे कोणतीही पेटी भरावी वा रिकामी करावी लागत नाही. गणिताच्या वहीत जसे पायरीपायरीने लिहावे तसेच हे आहे.

अर्थात, ही जमेची बाजू अमर्याद नाही. 'फलन' हा शब्द मराठी परिभाषेत आहे. परंतु विज्ञान शाखेचे गणित अकरावीपासून इंग्रजीतून शिकवले जात असल्याने विद्यार्थ्याची त्या शब्दाशी ओळखच होत नाही. संकल्पनेची पायाभरणी मराठीत झाली आणि इमारत इंग्रजीत उभी राहिली, अशी ही अवस्था आहे. दोहोंना जोडणारा जिना बांधण्याचे काम कोणी तरी करावयास हवे.

टाइप-तपासणी आणि मदतीची गरज :

हैदराबाद संस्थानात सीमेवर करोडगिरी घेतली जात असे. नाक्यावर मालाची तपासणी झाल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. 'हास्केल'ची टाइप-तपासणी या स्वरूपाची आहे. संख्येच्या जागी अक्षरमाला आली तर प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच कंपायलर त्याला अडवतो. यामुळे पुष्कळशा चुका आधीच उघड होतात, हा या भाषांचा मोठा गुण मानला जातो. मात्र अडवताना कंपायलर जे कारण सांगतो, ते नवशिक्याला उमगत नाही. अपेक्षित टाइप कोणता, प्रत्यक्षात मिळालेला कोणता, आणि चूक नेमकी ज्या ओळीवर दाखवली तेथेच आहे की तिच्या आधी, हे उलगडून सांगणारा माणूस शेजारी लागतो.

ही अडचण केवळ मराठी विद्यार्थ्याची नाही. गिलोम मार्सो, कॅथी फिस्लर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी अमेरिकेतील नवशिक्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये असे दाखवून दिले की, चूक-संदेशांतील पारिभाषिक शब्दच विद्यार्थ्यांना नीट कळत नाहीत. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर मराठी माध्यमातून आलेल्याला तो संदेश दोनदा परका ठरतो : एकदा भाषेने, एकदा परिभाषेने. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या अध्यापकांनी याच कारणासाठी 'हीलियम' हा सुबोध संदेश देणारा कंपायलर तयार केला आणि २००३ मध्ये त्यावरील निबंध सादर केला. विद्यार्थी कोठे अडतो याकडे अध्यापकांनी लक्ष दिले आणि त्यातून साधन बदलले, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट होय.

महाराष्ट्रातील दोन प्रयत्न :

पुणे विद्यापीठात रुस्तम मोदी यांनी फंक्शनल पद्धतीच्या अध्यापनाचा पाठपुरावा केला. प्रथम भाषा म्हणून 'सी' शिकवण्यातील दोष दाखवणारा त्यांचा निबंध १९९१ मध्ये एसीएम या संघटनेच्या संगणकशिक्षणविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मार्क जोन्स यांच्या 'गोफर' या भाषेत अध्यापनाच्या सोयीसाठी बदल करून त्यांनी 'प्यूगोफर' सिद्ध केली. तीत फंक्शन लागू करण्याची क्रिया टिंबाने स्पष्ट दाखवली जाते. परदेशी साधन जसेच्या तसे न स्वीकारता वर्गातील गरजेनुसार त्याला वळण देणे, हे या प्रयत्नाचे मोल आहे. परंतु त्याची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. 'हास्केल'मध्ये टिंबाचा अर्थ दोन फंक्शनांचा संयोग असा आहे. त्यामुळे स्थानिक रूप शिकलेला विद्यार्थी जागतिक समूहाकडे गेला की त्याला तेच चिन्ह नव्या अर्थाने शिकावे लागते. साधन जवळचे करावे तर समूह दुरावतो आणि समूह जवळचा करावा तर साधन परके राहते, असा हा पेच आहे.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने केंद्र शासनाच्या साहाय्यातून उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने संगणकविषयक छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा असून विद्यार्थ्याने तो पाहत पाहत स्वतः करावा अशी त्याची रचना आहे. निवेदन भारतीय भाषेत आणि पडदा इंग्रजीत, हे त्यांचे धोरण विचारपूर्वक ठरलेले आहे. नोकरीच्या बाजारात इंग्रजी पडद्याशीच गाठ पडणार, ही त्यामागील भूमिका रास्त म्हणावी लागेल. पाठातील नेमक्या मिनिट-सेकंदाला जोडून शंका विचारण्याची सोयही या प्रकल्पाने केली, हे कल्पक होय. तरीही शिक्षकाशिवाय शिकता यावे हाच या रचनेचा हेतू असल्याने तिचा भर एकट्याने शिकण्यावर आहे. 'सी' किंवा 'पायथन'सारख्या भाषेत पाठाचे अनुकरण करून बरीच मजल मारता येते. फंक्शनल भाषेत विचार करण्याची रीतच बदलावी लागते, म्हणून तेथे अनुकरण लवकर थांबते आणि संवादाची गरज सुरू होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद व एस. पी. सुरेश यांचा 'एनपीटीईएल'वरील 'हास्केल'चा अभ्यासक्रम विषयाच्या दृष्टीने उत्तम आहे. परंतु तो इंग्रजीत असल्याने वरील अंतर कायम राहते.

लिपीचा प्रश्न :

प्रश्न विचारणाऱ्या समूहाचे महत्त्व एका लहानशा तांत्रिक बाबीतून विशेष स्पष्ट होते. 'हास्केल'च्या २०१० च्या प्रमाण विवरणानुसार चलाचे नाव लहान लिपीतील अक्षराने आणि टाइपचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. शिवाय युनिकोडच्या वर्गीकरणात काना, वेलांटी ही अक्षरे नसून चिन्हे आहेत आणि त्या विवरणातील नावांच्या व्याकरणात अशा चिन्हांना स्थान नाही. जपानी लिपीच्या निमित्ताने लहान-मोठ्या लिपीचा हा प्रश्न ग्लासगो कंपायलरच्या विकासकांसमोर आला, तेव्हा अशा लिपींतील अक्षरे लहान लिपीतील मानावीत असा मार्ग काढण्यात आला. टाइपचे नाव देवनागरी अक्षराने सुरू करण्याची अडचण मात्र राहिलीच.

व्यवहारात नावे रोमन लिपीत लिहून काम भागते हे खरे. परंतु ज्या समाजाचा प्रश्न साधन घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचतो, त्याच्यासाठी साधन थोडे तरी सरकते, हा धडा या घटनेतून मिळतो. मुक्त स्रोत साधनात बदल करण्याचा अधिकार सर्वांना कागदोपत्री सारखाच असतो. मात्र तो वापरण्यासाठी आधी अडचण शब्दांत मांडता यावी लागते.

उत्तर आणि संवाद यांतील भेद :

२०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संवादसाधने आली आणि मराठीतून प्रश्न विचारून मराठीतून उत्तर मिळवणे शक्य झाले. मग समूहाची गरजच काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. या आक्षेपात तथ्य आहे. रात्री अकरा वाजता अडलेल्या विद्यार्थ्याला तत्काळ आधार मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि दोन उणिवा राहतात. पहिली, चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने समोर येते आणि ते ओळखण्याची क्षमता नवशिक्याजवळ नसते. दुसरी, असा संवाद खासगी राहतो. एकाची अडचण दुसऱ्याच्या कामी येत नाही, परिभाषा रुळत नाही आणि आज विचारणारा उद्या सांगणारा होत नाही. समूहात मदत घेणारा कालांतराने मदत देणारा होतो. ज्ञानाची परंपरा याच वाटेने पुढे जाते.

समूहाचेही दोष आहेत. जाणकारांची पारिभाषिक बोली नवागताला दूर लोटते. 'मोनॅड'सारखी संकल्पना विचारताच गणिताचे ओझे अंगावर टाकणारे उत्तर येते. काही वेळा पूर्ण तयार प्रोग्रॅम देऊन विचार करण्याची संधीच हिरावली जाते. म्हणून मराठी समूह म्हणजे इंग्रजी समूहाचे भाषांतर नव्हे. प्रश्न कसा विचारावा, त्याआधी स्वतः काय करून पाहावे आणि उत्तर देताना कोठे थांबावे, हे संकेत त्याला स्वतः घडवावे लागतील.

समारोप :

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. तथापि पाठ्यपुस्तकांचे भाषांतर झाले म्हणजे विषय मराठीत आला असे होत नाही. ज्या भाषेत शंका विचारली जाते, चूक मान्य केली जाते आणि समजूत घातली जाते, त्या भाषेत विषय रुजतो. वरील चिकित्सेवरून असे दिसते की, पुण्याच्या प्रयत्नात साधनाला वळण देण्याचे धैर्य होते आणि मुंबईच्या प्रयत्नात भाषेचा विस्तार होता. दोहोंचा मेळ अद्याप बसावयाचा आहे.

हे काम महानगरातील मोठ्या संस्थेची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात गणित, संगणकशास्त्र व मराठी या तीन विभागांतील अध्यापक एकाच इमारतीत असतात. विद्यार्थ्यांना येणारे चूक-संदेश जमवावेत, त्यांचा अर्थ शालेय बीजगणिताच्या शब्दांत लिहावा, पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्यात भर घालावी, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. अशी नोंदवही चार-पाच वर्षे चालली तर तिच्यातून परिभाषाही घडेल आणि विचारणारी पिढीही. कनेरगाव नाक्याच्या विद्यार्थ्याला कंपायलर अडवणारच, कारण तेच त्याचे काम आहे. का अडवले हे त्याच्या भाषेत सांगणारे कोणी तेथे असावे, ही जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे.