पोट भरलेलं अक्षर

'मोदक' हे नाव वाचलं आणि आधी नाकच मुरडलं. आता अक्षरालासुद्धा नैवेद्याचं नाव! १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली तिसरी गौरी-गणपती नाकारणारी. ती घोकत वाढलेल्या माणसाने ह्या मोदकाचं कौतुक करायचं म्हणजे पंचाईत. पण दोस्तहो, नुसत्या नावावर टीका करून भागत नाही. अक्षर बघावं लागतं. म्हणून बघितलं.

मुंबईच्या 'एक टाइप' ह्या अक्षरकारांच्या गटाने हा टाइप केला. आधी हाताने रेखाटला, मग संगणकावर चढवला. परवाना खुला. पैसे न मोजता कुणीही उतरवून घ्यावा, पोस्टर छापावं, पुस्तक छापून विकावं. पूर्वी डोंगल खोचल्याशिवाय मराठी फाँट न उघडणाऱ्या दुकानांत ज्यांनी रांगा लावल्या त्यांना ह्याची किंमत सांगायला नको.

आता रूप. अक्षर इतकं फुगवलेलं की पोटातलं पांढरं जवळजवळ संपलेलं. उरते ती सुरीने मारल्यासारखी बारीक फट. त्या फटीवरूनच हा 'प' की हा 'ष' ते ओळखायचं. रोमन लिपीत असलं काम सोपं. गोल 'ओ' हवा तेवढा फुगवा, मधे भोक राहिलं की झालं. आपल्याकडे 'ह' घ्या, 'झ' घ्या, 'क्ष' घ्या. एवढ्याशा उंचीत किती वळणं! रेघ जाड केली की वळणं एकमेकांच्या अंगावर चढतात. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं वाढत जावीत तसं. त्या खोलीत प्रत्येकाला निजायला जागा करून देणं हे ह्या टाइपचं खरं काम, आणि ते त्याने केलंय. इथे मात्र हात जोडतो.

मला आपली सायक्लोस्टाईलची पानं आठवली. मथळा ठळक पाहिजे म्हणून मेणकागदावर सळईने 'ठ' कोरायला जावं तर मधला गोल तुटून पडायचा आणि छापताना शाईचा डाग यायचा. भरीव काळं अक्षर आपल्याला कधी जमलंच नाही. नुसती बाहेरची रेघ काढायची, आत तिरप्या रेघोट्या मारायच्या. आपला विद्रोह पानावर नेहमी थोडा रोडच दिसला!

सुलेखनवाल्यांना हा टाइप बाळबोध वाटतो, उथळ वाटतो. वाटणारच. त्यांचं सौंदर्य बोरूच्या तिरप्या कापातून येतं: एक रेघ जाड, एक बारीक. हा गडी बोरूला ओळखतच नाही. पोथीशी नातं न सांगणारं अक्षर बाजारात उभं राहतंय, पोरांच्या पुस्तकावर बसतंय, ह्याचं मला तरी दुःख नाही. ह्याच गटाच्या 'बलू' नावाच्या टाइपची गंमत तर बघा. देवनागरीत नुसता बलू, गुजरातीत बलू भाई, पंजाबीत बलू पाजी, बंगालीत बलू दा, तमिळमधे बलू थंबी. लिप्यांमधे तरी भाऊबंदकी भांडणाशिवाय नांदते म्हणायची.

पण इथेच मला बोचतं. हे पोट भरलेलं अक्षर आहे. ते काहीही बोललं तरी हसतच बोलतं. एका मोर्चात एका पोराने 'न्याय द्या' ह्याच टाइपात छापून आणलं होतं. रस्त्यावरची माणसं वाचून गालात हसत होती. पोराची चूक नव्हती. फुकट मिळालं, ठळक होतं, घेतलं. पण ठळक म्हणजे जोरकस नव्हे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही असली टम्म अक्षरं दिसतात तेव्हा वाटतं, मेलेल्या माणसाचीसुद्धा कुणी थट्टा करतंय.

आणि लांबून? लांबून तर ते हरतंच. वस्तीच्या भिंतीवर पेंटरने निळ्या रंगात काढलेलं 'जय भीम' हमरस्त्यावरून वाचता येतं, कारण पेंटर अक्षरातली मोकळी जागा राखतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, भिंतीने शिकवलेलं असतं. मोदकाची फट वीस पावलांवर मिटते, नुसते गोळे उरतात. बारीक आकारात तर विचारूच नका. त्याचा मजकूर लावायचाच नाही. एक शब्द, फार तर दोन, तेही हाताच्या अंतरावर. मिठाईचा खोका, बालनाट्याचं पोस्टर, पुस्तकाचं कव्हर. ही त्याची जागा.

मग आपण त्याला वापरायचंच नाही का? तसं मी म्हणणार नाही. आपल्या अक्षराने कायम दात-ओठ खाल्लेच पाहिजेत, असा नियम आपल्यावर कुणी घातला? आपल्या पोरांना गुबगुबीत अक्षर नको? जयंतीला वस्तीतल्या पोरांनी चित्रांची पुस्तिका काढली तेव्हा मथळा मोदकमधे आणि आतला मजकूर त्याच गटाच्या 'मुक्ता'मधे लावायला मीच सांगितलं. मुक्ता साधं आहे, वाचू देतं. पोरगी म्हणाली, "काका, 'बुद्ध' पण याच्यातच लिहू?" लिही म्हटलं. पहिल्या छपाईत 'द्ध'ची फट शाईने भरली, पानावर काळा गोळा आला. तिने तो शब्द मोठा केला, अजून मोठा केला. वाचता येईपर्यंत अर्धं पान गेलं. खालचं चित्र काढून टाकावं लागलं, त्यावरून तिचं भावाशी भांडण झालं ते निराळंच.