'द क्रिकेट' : आपल्या संगीताची आपली समीक्षा

गेल्या महिन्यात माझे चार विद्यार्थी घरी आले. वस्तीतील गायन पार्ट्यांवर त्यांना एक अनियतकालिक काढायचे आहे. भीमजयंतीला रात्र रात्र गाणाऱ्या गायकांबद्दल, त्यांच्या कोरसबद्दल, बेंजो आणि ढोलकी वाजवणाऱ्यांबद्दल कोणी लिहीत नाही; ते आता आपण लिहायचे, असा त्यांचा मनसुबा. "सर, पहिल्या अंकात काय घ्यावे?" असे त्यांनी विचारले. मी उत्तर दिले नाही, एक पुस्तक दिले. त्या पुस्तकाविषयी येथे लिहायचे आहे.

पुस्तकाचे नाव 'द क्रिकेट'. खेळाशी त्याचा संबंध नाही. क्रिकेट म्हणजे येथे रातकिडा. अमेरिकेतील न्यूअर्क या शहरातून १९६८-६९ साली या नावाचे कृष्णवर्णीयांच्या संगीताचे नियतकालिक निघत होते. अमिरी बराका, लॅरी नील आणि ए. बी. स्पेलमन हे तीन कृष्णवर्णीय लेखक त्याचे संपादक. सायक्लोस्टाईल केलेले चार अंक निघाले, एवढेच त्याचे आयुष्य. २०२२ साली ब्लँक फॉर्म्स या प्रकाशन संस्थेने ते चारही अंक एकत्र पुस्तकरूपाने छापले. आपल्याकडील कित्येक अनियतकालिकांनी याहून जास्त अंक काढले नाहीत. परंतु नियतकालिकाचे मोल त्याच्या आयुष्याच्या लांबीवर ठरत नाही, ते कोणत्या गरजेतून जन्मले यावर ठरते.

ही गरज कोणती होती? जॅझ घडविले ते प्रामुख्याने गुलामांच्या वंशजांनी. त्याचे मूल्यमापन मात्र बहुतांशी गोऱ्या समीक्षकांच्या हाती राहिले. १९६१ साली 'डाऊनबीट' या प्रतिष्ठित जॅझ मासिकाच्या एका समीक्षकाने जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरविले. जे जॅझ जगत होते त्यांनाच जॅझच्या बाहेर काढण्याचा हा अधिकार समीक्षकाला कोणी दिला? 'ही कविताच नव्हे', 'हा प्रचार आहे', 'ही भाषा अश्लील आहे' असे दलित साहित्याविषयी ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. निकष एकाचे आणि निर्मिती दुसऱ्याची, असे जेथे असते तेथे निकाल आधीच लागलेला असतो.

याच 'डाऊनबीट'मध्ये १९६३ साली बराका यांनी, तेव्हाचे त्यांचे नाव लीरॉय जोन्स, गोऱ्या समीक्षकाची झाडाझडती घेणारा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नुसते सूर मोजून हे संगीत कळत नाही. ज्या जगण्यातून आणि ज्या दृष्टीतून ते सूर निघाले, ती दृष्टी समजावून घ्यावी लागते. पण दुसऱ्याच्या घरात उभे राहून किती दिवस भांडायचे? जुलै १९६७ मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला मारहाण केली आणि न्यूअर्क पेटले. २६ माणसे मेली. बराकांनाही पोलिसांनी डोके फुटेपर्यंत मारले. पुढच्याच वर्षी त्याच शहरातून 'द क्रिकेट' निघाले. हे नियतकालिक चांदण्यात बसून सुचलेले नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नाव घेतले तेही आपल्याच इतिहासातून. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन हा जॅझचा आद्यपुरुष मानला जातो. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. तो 'द क्रिकेट' नावाचे गावगप्पांचे पत्र चालवीत असे, अशी आख्यायिका होती. १९७८ साली डोनाल्ड मार्क्विस या संशोधकाने बोल्डनचे चरित्र लिहिले, तेव्हा या पत्राचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे संपादकांनी आपला वारसा एका दंतकथेवर उभारला. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. ज्यांची नोंदच कोणी ठेवली नाही, त्यांच्या हाती दंतकथाच उरतात. म्हणून तर नोंद ठेवणारे पत्र काढावे लागते. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, तेही इतरांच्या पत्रांत आपले म्हणणे छापून येत नाही म्हणूनच.

आता या अंकांत काय होते ते पाहू. कविता होत्या, भूमिका मांडणारे लेख होते, मैफलींची आणि रेकॉर्डची परीक्षणे होती, गप्पाही होत्या. सन रा, मिलफर्ड ग्रेव्ज, सेसिल टेलर यांच्यासारखे वादक स्वतः लिहीत होते. वादक हा केवळ समीक्षेचा विषय राहिला नाही, तो विचार मांडू लागला. मला हे या नियतकालिकाचे सर्वांत मोठे कार्य वाटते.

परंतु खरी कसोटी चौथ्या अंकात लागली. अल्बर्ट आयलर हा या मंडळींचा लाडका सॅक्सोफोनवादक. कोल्ट्रेनच्या अंत्यविधीत वाजवलेला माणूस. त्याने 'न्यू ग्रास' ही रेकॉर्ड काढली. तीत रॉकचा ठेका आणला, स्वतः गायला. लॅरी नीलला ती रुचली नाही आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. त्याच अंकात आयलरचे स्वतःचे निवेदनही छापले आहे. ते राजकीय नाही. त्यात त्याला झालेले साक्षात्कार आहेत, जगाच्या अंताची भाषा आहे. संपादकांच्या विचारसरणीच्या चौकटीत ते बसत नव्हते. तरी त्यांनी ते छापले. आपल्या माणसावर टीकाही केली आणि त्याला स्वतःच्या भाषेत बोलूही दिले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७० मध्ये, आयलरचे प्रेत न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत सापडले. ते निवेदन छापले नसते तर या माणसाच्या मनातील एक कोपरा आपल्याला कधीच दिसला नसता.

या नियतकालिकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संपादक तिघेही पुरुष. सोनिया सँचेझ यांच्यासारखे नाव दिसते, पण एकंदर स्वर पुरुषीच आहे. कोणते संगीत खरे आणि कोणते विकाऊ, हे ठरविण्याची घाईही जागोजागी दिसते. वादकाला घरभाडे द्यावे लागते, ही गोष्ट अशा वेळी विसरली जाते. ज्यांनी गोऱ्यांच्या निकषांची मक्तेदारी मोडली, त्यांनी आपल्याच कलावंतावर नवे सोवळे लादू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

विद्यार्थ्यांनी पुस्तक परत आणले तेव्हा त्यांतील एकाने विचारले, "सर, आपल्याच पार्टीचे गाणे पडले असे लिहिले, तर जयंतीला तोंड कसे दाखवायचे?" प्रश्न खरा आहे. केवळ गौरव छापणारे पत्र म्हणजे सत्काराची शाल. ती थंडीत उपयोगी पडत नाही. मी सांगितले, लिहा. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले असतील तर तसे लिहा. पण रात्रभराच्या सुपारीत ढोलकीवाल्याच्या हाती किती पडले, तेही त्याच पानावर लिहा. कोरसमधल्या बाईचे नाव पत्रकावर नसते, ते तुम्ही छापा. आणि ज्याच्यावर टीका केली, त्याचे उत्तर त्याच अंकात घ्या. त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्यासमोर बसून, त्याच्या बोलीत, उतरवून घ्या.

हे सांगताना माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षे मी कवितासंग्रहांवर परीक्षणे लिहिली. प्रस्थापित समीक्षेने आम्हांला वगळले, ही तक्रार प्रत्येक व्यासपीठावरून केली. माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक शाहीर राहत होता. वामनदादांची गाणी त्याने चाळीस वर्षे गावोगाव नेली. तो गेला तेव्हा मी अंत्ययात्रेत चाललो, पण त्याच्या गाण्याविषयी माझ्या हातून एक ओळ लिहिली गेली नाही. वगळण्याचे काम फक्त प्रस्थापितच करतात असे नाही.

त्या मुलांच्या पहिल्या अंकासाठी आता मी त्याच शाहिरावर लिहितो आहे. त्यांनी मला मुदत दिली आहे आणि आल्यागेल्याला ते त्याची आठवण करून देतात. संपादक असेच असावेत.