तमिळ व इंग्रजी ध्वनिव्यवस्था : तौलनिक तक्त्यांची मर्यादा

दोन भाषांचे ध्वनी समोरासमोर मांडावेत आणि कोणता ध्वनी कोठे आहे व कोठे नाही हे पाहावे, असा तौलनिक अभ्यासात प्रघात आहे. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन व्याकरणातील १२ स्वर व १८ व्यंजने आधारास घेऊन तमिळचा तक्ता इंग्रजीच्या तक्त्याशेजारी ठेवला, की तमिळमध्ये ब, द, ग नाहीत असा निष्कर्ष सहज निघतो. आणि त्यापाठोपाठ तमिळची ध्वनिसंपत्ती अपुरी असल्याची समजूतही येते. हा निष्कर्ष लिपीविषयी खरा असला, तरी भाषेविषयी खरा नाही.

तमिळ बोलण्यात सघोष स्पर्श नित्य ऐकू येतात. ‘पाम्बु’ (साप) या शब्दातील दोन्ही ओष्ठ्य स्पर्श तमिळ लिपीत एकाच अक्षराने लिहिले जातात. पैकी पहिला अघोष असून दुसरा अनुनासिकापुढे आल्यामुळे सघोष होतो. शब्दारंभी व द्वित्वात अघोष, स्वरांमध्ये व अनुनासिकापुढे सघोष, ही वाटणी रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली आपल्या द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणात नोंदविली. निरीक्षण मार्मिक होते. परंतु त्यास त्यांनी अघोष-सघोषांच्या परिवर्तनाचे नाव दिल्यामुळे एक ध्वनी दुसऱ्यात पालटतो असा भास होतो. वस्तुतः वर्ण एकच असून स्थानपरत्वे त्याची रूपे भिन्न होतात.

इंग्रजीचीही गोष्ट निराळी नाही. ‘पिन’मधील आद्य स्पर्श महाप्राण आहे, ‘स्पिन’मधील अल्पप्राण; परंतु इंग्रजी भाषकास हा भेद जाणवत नाही, कारण तो अर्थभेदक नाही. मराठीत ‘पळ’, ‘बळ’ व ‘फळ’ हे तीन भिन्न शब्द असल्यामुळे घोषत्व आणि प्राणत्व या दोहोंची दखल घ्यावी लागते. तेव्हा पहिल्याकडे तमिळने व दुसऱ्याकडे इंग्रजीने केलेले दुर्लक्ष ही उणीव नसून ती व्यवस्थेची निवड होय.

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली परभाषाशिक्षणासाठी तुलनेची पद्धती मांडली, तेव्हा वर्ण, त्याची रूपे व त्याचे शब्दातील स्थान अशी तिन्ही अंगे तपासण्यास सांगितले होते. तक्त्यांत मात्र बहुधा पहिलेच अंग उरते. ‘अदु’ (ते) या तमिळ शब्दातील मधला दंत्य ध्वनी पुष्कळदा घर्षक होऊन इंग्रजी ‘दिस’ शब्दाच्या आद्य ध्वनीजवळ जातो. तरीही तोच ध्वनी शब्दारंभी उच्चारताना तमिळ भाषक सामान्यतः दंत्य स्पर्शच योजतो. ध्वनी परिचयाचा आहे, त्याचे स्थान अपरिचित आहे. उलटपक्षी, ‘पेपर’ हा शब्द तमिळमध्ये मधल्या ‘प’चे द्वित्व करून लिहितात, कारण एकेरी ‘प’ तेथे सघोष वाचला जाईल. ‘कप’चा ‘कप्पु’ होतो तो याच कारणाने. अंत्य उकार येतो तो शब्दान्ती स्पर्श उभा न ठेवण्याच्या प्रवृत्तीमुळे.

तथापि स्थाननियमानेही सर्व उलगडा होत नाही. ‘पावम्’ (पाप, कीव) आणि ‘बावम्’ (भाव) हे संस्कृतमूलक शब्द तमिळ लिपीत एकसारखे लिहिले जातात, पण सुशिक्षितांच्या बोलण्यात आद्य घोषत्वानेच वेगळे ओळखले जातात. देशी शब्दांत जे रूपभेद आहेत, तेच उसन्या शब्दांच्या थरात वर्णभेद होऊ लागले आहेत. म्हणून तुलना करणाऱ्याने कोणत्या थरातील तमिळ आपण घेतली, हे प्रथम सांगितले पाहिजे.

या विवेचनाचे मोल केवळ शास्त्रीय नाही. विद्यार्थ्याजवळ ‘ब’ नाही असे मानणारा शिक्षक त्याला असलेलाच ध्वनी घोकवितो. त्याला शिकवावयाचे असते ते त्या ध्वनीचे नवे स्थान. तक्त्यातील रिकामी चौकट पाहून भाषेचे दारिद्र्य ठरविण्यापूर्वी ती चौकट कोणी आखली, हे तपासणे अगत्याचे आहे.