लोटा आणि ओंजळ

आपल्याकडे डिझाइनचा विषय निघाला की एका अहवालाचं नाव हमखास येतं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि १९५८ साली त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१मध्ये उभी राहिली, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे.

त्यात ईम्सना सर्वांत भावलेली वस्तू म्हणजे लोटा. आपल्या तांब्याचा भाऊबंद. ते किती बारकाईने बघतात पाहा. पाणी किती मावावं, हाताची पकड कशी असेल, कमरेवर नेताना तोल कुठे राहील, आतून घासायला हात जाईल का, खाली ठेवताना आवाज कसा येतो, मोडीत घातला तर काय मिळेल! हा लोटा कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, असंही ते म्हणतात. वस्तूकडे इतक्या प्रेमाने बघणं मला आजही दुर्मीळ वाटतं.

पण या लांबलचक यादीत एक प्रश्न नाही. लोटा कोणी उचलायचा, आणि खाली ओंजळ कोणी धरायची?

कारण लोट्यातून पाणी वरून, ओठ न लावता पिता येतं. दुसऱ्याला दुरून वाढताही येतं. भांडं उष्टं होत नाही, आणि विटाळतही नाही. धातूचं भांडं राखेने, चिंचेने घासून ‘शुद्ध’ करता येतं. मातीचं फोडून टाकावं लागतं. म्हणजे धातू निवडताना खर्चाचा हिशेब होता तसा सोवळ्याचाही होता. ईम्स म्हणतात त्या पिढ्यांनी हेही घडवलंच की.

बाबासाहेबांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवलीय. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. नळ ही तर आधुनिक वस्तू, चावी फिरवली की कुणालाही पाणी देणारी. जुना लोट्याचा नियम तिच्यावरही चढवला गेला. मग २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते स्वतः उतरले आणि पाणी प्यायले. वरून ओतणारं कोणी नव्हतं.

अहवालाला आता साठ वर्षं उलटून गेलीत. आपल्या डिझाइनच्या वर्गांत लोट्याचं चित्र अजून कौतुकाने दाखवतात, दाखवावंच. पण शेजारी ती ओंजळही काढा. आणि हो, घरकामाच्या बाईंचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असतो ना, तोही.