ऑगस्टीनचें प्रोबेस पत्र

रोजची ठराविक प्रार्थना भक्ति वाढविते कीं भक्तीची जागा अडवून बसते, हा प्रश्न ज्या ज्या धर्मांत नित्यनेम आहे त्या त्या धर्मांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. आमच्या वारकरी वाचकांस हरिपाठाच्या संबंधानें तो परिचयाचा आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांतून सायंकाळीं रोझरीची माळ हातीं घेणारांसही तो नवा नसावा. कॅथॉलिक परंपरेंत या प्रश्नाचा आमच्या मतें सर्वांत मार्मिक विचार ज्या लेखांत झाला आहे, तो एखादा प्रबंध नसून एक पत्र आहे. संत ऑगस्टीन यानें तें इ. स. ४१२ च्या सुमारास प्रोबा नांवाच्या रोमन विधवेस लिहिलें. त्याच्या पत्रसंग्रहांत त्याचा क्रमांक १३० आहे. (जेरोमनें याच प्रोबेच्या नातीस लिहिलेल्या पत्राचा क्रमांकही त्याच्या संग्रहांत १३० च पडला आहे, उतारे काढणारांनीं जपावें.)

प्रोबा ही सामान्य घरची स्त्री नव्हे. तिचा पति ३७१ सालीं रोमचा कॉन्सल होता, आणि तिच्या तिघां पुत्रांसही पुढें तोच मान मिळाला. ४१० सालीं अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. त्यानंतर ती सून व नात यांस घेऊन समुद्र ओलांडून आफ्रिकेंत आली. प्रार्थनेविषयीं कांहीं लिहून पाठवावें अशी तिनें हिप्पोच्या या बिशपाकडे मागणी केली होती. अशा बाईस कोणीही सांत्वनाचे चार शब्द लिहिले असते. ऑगस्टीन लिहितो तें निराळेंच: हातीं कितीही संपत्ति असो, तिनें स्वतःस निराधार समजावें, त्यावांचून प्रार्थनेस आरंभच होत नाहीं. उपदेश कठोर खरा, परंतु तो निर्दय नाहीं. रोम पडलें तरी रोमचा आधार मनांतून सुटत नाहीं, हें लेखकानें नेमकें हेरलें आहे.

यापुढें सुखी जीवन म्हणजे काय याची चर्चा बरीच लांबते. पूर्वाश्रमींचा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक येथें डोकें वर काढतो. वाचकानें हीं पानें भरभर उलटलीं तरी चालेल.

पत्राचा गाभा त्यानंतर येतो. मागण्यापूर्वीच आमची गरज जो जाणतो, त्याच्यापुढें शब्द कशास हवेत? ऑगस्टीनचें उत्तर असें कीं, शब्द देवास कांहीं कळविण्यासाठीं नसतातच. द्यावयाचें दान मोठें आहे आणि घेणाराचें अंतःकरण लहान. तें मोठें व्हावें म्हणून ओढीस व्यायाम हवा. खरी अखंड प्रार्थना म्हणजे ही ओढच होय. मग ठराविक वेळीं शब्द उच्चारावयाचे ते दोन कारणांसाठीं: ओढ किती वाढली हें आपलें आपणांस कळावें, आणि संसाराच्या उठाठेवींत जी कोमट झाली ती अगदींच गार होऊं नये. नित्यनेमाची याहून प्रांजळ कैफियत आमच्या पाहण्यांत नाहीं. नेमानें पुण्याचा सांठा होतो असें तो म्हणत नाहीं. शब्दांतून ओढ जन्मास येते असेंही म्हणत नाहीं. त्याच्या मतें नेम हा आरसा आहे. रोज आरशांत पाहणारास आपला चेहरा नेहमींच आवडेल असें नाहीं, हेंही त्यांत आलेंच.

दीर्घ पठणाच्या समर्थनार्थ या पत्राचा आधार देणारे मात्र त्यांतील एक भाग हटकून गाळतात. ईजिप्तमधील विरक्त बंधूंची हकीकत त्यांत आहे. त्यांच्या प्रार्थना वारंवार होत, पण अगदीं आंखूड, भाल्याप्रमाणें फेंकलेल्या. लांबण लागली कीं एकाग्रतेची धार बोथट होते, हें त्याचें कारण. ती टिकत असेल तर उगीच थांबूं नये, टिकत नसेल तर ओढून ताणूं नये, इतकाच ऑगस्टीनचा नियम. रोझरी त्याच्यामागून कित्येक शतकांनीं रूढ झाली, तेव्हां तिच्याविषयीं त्याचें मत विचारणें व्यर्थ. परंतु पन्नास वेळां तीच प्रार्थना म्हणणाराच्या मनाचें काय होतें, हें पाहण्याची कसोटी त्यानें देऊन ठेवली आहे, आणि ती सोयीची नाहीं.

आमचा आक्षेप निराळाच आहे. निखारा राखेखालीं शिल्लक आहे हें ऑगस्टीन गृहीत धरून चालतो. ज्याची ओढ विझली आणि हातांत केवळ शब्द उरले, त्यानें काय करावें? शेवटच्या भागांत तो या प्रश्नाच्या अगदीं जवळ येतो. काय मागावें हें आम्हांस यथायोग्य कळत नाहीं, हें पौलाचें वचन घेऊन तो दाखवितो कीं, मनांत येईल तें तें 'हें नव्हे' म्हणून आपण दूर सारतों. म्हणजे जें हवें तें ठाऊक नसूनही अगदींच ठाऊक नाहीं असें नाहीं. या अवस्थेस तो ज्ञानयुक्त अज्ञान म्हणतो. (१४४० सालीं क्यूसाच्या निकोलसनें हेच शब्द आपल्या ग्रंथाच्या नांवासाठीं घेतले.) विचार अपूर्व आहे, पण तो दुःखांत सांपडलेल्या माणसास लावला आहे, शुष्क झालेल्यास नाहीं. त्या शुष्कतेचा सांगोपांग विचार होण्यास सोळाव्या शतकांतील स्पेनच्या योहानाची, म्हणजे क्रूसभक्त संत योहान याची, वाट पाहावी लागली.

१९७१ सालीं नव्यानें प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक नित्यप्रार्थनेच्या ग्रंथांत, सामान्य काळाच्या २९ व्या आठवड्याच्या वाचनांत हें पत्र तुकड्यातुकड्यांनीं घातलें आहे. घड्याळाकडे पाहून नेम उरकणाऱ्या धर्मगुरूस, नेम कशासाठीं हें त्या नेमांतच वाचावें लागतें. ही योजना करणारास विनोदाची जाण होती कीं नाहीं कोण जाणे. ज्यांस सबंध पत्र वाचण्यास सवड नाहीं त्यांनीं नववें व दहावें प्रकरण आधीं वाचावें, मग चौदावें. सुखी जीवनाची चर्चा शेवटीं ठेवावी.